दाखला आणायला गेलो आणि यादी घेऊन आलो

आधी चहा सांगा. हे प्रकरण कोरड्या घशानं सांगण्यासारखं नाही, आणि एकदा सुरू केलं की मधे थांबायची माझ्यात ताकद नाही. माझ्या मूर्खपणाचे किस्से तसे पुष्कळ आहेत, बायकोला तर तोंडपाठ आहेत. पण हा पहिल्या नंबरचा. ह्यात मी भर गिरणीत, दहा-पंधरा माणसांसमोर, ओरडून ओरडून स्वतःच्या नोकरीवर धोंडा पाडून घेतला.

हसू नका. मी दमलेला माणूस आहे.

मी तेव्हा कोल्हापुरात एका अनुदानित मराठी शाळेत इतिहास शिकवत होतो. पाचवी ते दहावी. दोन हजार साल उलटून तीन-चार वर्षं झालेली. गल्लीगल्लीतनं इंग्लिश मीडियमच्या पिवळ्या गाड्या फिरायला लागलेल्या. सकाळी सातला गळ्यात टाय बांधलेली, डोळ्यांत झोप असलेली पोरं त्या गाड्यांत कोंबली जायची, आणि आमच्या शाळेच्या दारात शिपाई एकटाच घंटेजवळ उभा.

लोकांना वाटतं, मे महिन्यात मास्तरला काय, सुट्टी! पाय ताणून झोपत असेल. अहो, कसली झोप घेऊन बसलाय? मे महिन्यात आम्ही पोरं गोळा करत फिरायचो. खोटं नाही सांगत. चौथीचा निकाल लागला की शहरातल्या सगळ्या मराठी हायस्कुलांचे मास्तर पिशव्या घेऊन बाहेर पडायचे. पाचवी भरायची असायची ना! पोरगं प्राथमिक शाळेतनं बाहेर पडताना त्याला शाळा सोडल्याचा दाखला मिळतो. तो दाखला ज्याच्या पिशवीत, पोरगं त्याच्या शाळेत. मग काय विचारता! एका दाखल्यामागं तीन-तीन शाळांचे मास्तर. आम्ही एका घरातनं उठतोय तोवर दुसरे दोघं दारात चपला काढतायत. घरातली बाई चहा करून करून वैतागलेली.

आणि हे सगळं कशासाठी? पटासाठी. सप्टेंबरच्या शेवटी शिक्षण खात्याचे साहेब येऊन पोरांची डोकी मोजायचे. डोकी कमी भरली की तुकडी बंद. तुकडी बंद की एक मास्तर जास्तीचा झाला. त्याला म्हणायचं 'अतिरिक्त'. आणि हा अतिरिक्त माणूस जिल्ह्यात जिथं जागा रिकामी असेल तिथं उचलून टाकायचा.

त्या वर्षी आमची पाचवी ब काठावर होती. आणि नोकरीला सगळ्यात शेवटी लागलेला कोण? मी. मोठ्या सरांनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापकांनी, मला खोलीत बोलावून सरळच सांगितलं.

"चौगुले, ब गेली की तुम्ही गेलात. आजऱ्याकडं एक जागा रिकामी आहे, असं कानावर आलंय."

आता आजरा काही वाईट नाही हो. काजू आहेत, भात आहे, हवा तर विचारूच नका. पण माझी बायको कोल्हापुरात दवाखान्यात नर्स. पोरगा दुसरीत. आई अंथरुणाला खिळलेली. घर कसबा बावड्याला. आईला सकाळी उठवायचं, धुवायचं, भरवायचं काम माझं. मी आजऱ्याला गेलो तर तिला कोण बघणार?

"किती कमी पडतायत, सर?"

"तीन. तीन पोरं आणा आणि सुखानं राहा."

आता ह्या कामाचे तीन नियम होते, ते सांगितल्याशिवाय माझी अक्कल तुम्हाला कळायची नाही. पहिला नियम, आपण कुठल्या घरी जातोय ते कुणाला सांगायचं नाही. आपल्याच शाळेतल्या मास्तरलासुद्धा नाही, कारण प्रत्येकाला आपापली पोरं आणून दाखवायची असायची. दुसरा नियम, दुसऱ्या शाळेचं नाव घेऊन वाईट बोलायचं नाही. आदल्या वर्षी दोन शाळांचे मास्तर एका दारात एकमेकांच्या शाळेचा उद्धार करता करता कॉलरला जाऊन भिडले होते, तेव्हापासून हे ठरलेलं. नाव न घेता मात्र काय वाटेल ते बोला! आणि तिसरा, आपल्या शाळेचं नाव अगदी शेवटी सांगायचं. आधी सांगितलं की लोक ऐकूनच घेत नाहीत.

हे तिन्ही नियम मी पाळले. इमानेइतबारे पाळले. तिथंच तर घोटाळा झाला.

शिवाजी पेठेत एक पिठाची गिरणी होती. मालक गुरुपाद तात्या. मोठा माणूस. अंगानं मोठा, आवाजानं मोठा आणि गल्लीत शब्दालाही वजन. त्याची मुलगी पल्लवी चौथी पास झालेली. आणि तात्या पोरगी जिथं घालेल तिथं शेजारची दोन घरं आपली पोरं घालणार, अशी मला पक्की बातमी लागली. एक आणि दोन किती? बरोबर! मला तर त्या गिरणीवर देवळाचा कळसच दिसायला लागला.

सकाळी अकराला तडक गेलो. गिरणी दणक्यात चालू. पट्टा फिरतोय, जातं घरघरतंय, डबे घेतलेली माणसं बाकावर बसलेली, सगळ्यांच्या भुवया पिठानं पांढऱ्या. कोपऱ्यात एका पोत्यावर पल्लवी पुस्तक वाचत बसलेली. चालू गिरणीत बोलायचं म्हणजे ओरडायचंच.

"या पावणं!" तात्या ओरडला. "काय दळायचंय?"

"दळायचं न्हाई! मी शिक्षक हाय!"

"आँ?"

"मास्तर! मास्तर! पोरीच्या पाचवीचं बोलायला आलोय!"

"उशीर केलासा की सर! दाखला दिला एका शाळंला! परवाच दिला!"

मी पिशवी काखेला मारून परत फिरणारच होतो. पण आजऱ्याची एसटी डोळ्यासमोर आली आणि परत बळ आलं.

"असू दे की! कुठल्या शाळेला ते मी विचारतच न्हाई!"

"विचारा की! त्यात काय चोरी हाय व्हय? ती आपली—"

"नको!" मी दोन्ही हात वर केले. "नाव घेऊ नका, तात्या! मी कुणाच्या शाळेला नावं ठेवणारा माणूस न्हवं! मला एवढंच सांगा, शाळा बघून आलासा का?"

"आलो की! त्यांचं एक म्हातारं सर घिऊन गेलतं! लई गरीब माणूस!"

"तसलेच पाठवतात!" मी ओरडलो. "म्हातारा, गरीब तोंडाचा बघून पाठवतात! म्हणजे माणूस न्हाई म्हणत न्हाई!"

हे वाक्य मला अजून टोचतं. पण ते पुढं सांगतो.

"बरं, मुतारीत डोकावलासा का?"

"आँ?"

"मुतारी! पोरींची मुतारी! पाणी हाय का तिथं?"

तात्याचा दळण ओतणारा हात थांबला. "न्हवतं की! नळाला चिंधी बांधल्याली!"

"बघा! आणि प्रयोगशाळेला कुलूप!"

"व्हतं! गंजल्यालं!"

"आणि किल्ली हरवलेली!"

"व्हय! शिपाई म्हणाला, किल्ली गावंना झालीया!"

अहाहा! मला असा चेव आला म्हणून सांगू! बाकावरची माणसं सरसावून बसली.

"पुस्तकांचं कपाट मुख्याध्यापकाच्या खोलीत! आणि कपाटाच्या दाराला टेबल लावलेलं! म्हणजे पुस्तक काढायचा प्रश्नच न्हाई!"

"आगदी बरोबर!"

"मैदानात वाळूचा ढीग!"

"हाय! त्यावर शेळी हुबी व्हती!"

"पाचवीच्या वर्गातला पंखा!"

"दोनच पाती!"

"दहावीत पहिल्या आलेल्या पोरांच्या नावाचा फळा! त्याच्यावर शेवटचं नाव कधी लिवलंय?"

"अहो, रंग उडालाय सगळा! वाचायला येईना!"

"आणि कॉम्प्युटर? एकच! तोही झाकलेला! भरतकामाच्या कापडानं! आणि वर फुलदाणी!"

"फुलदाणी व्हती!" तात्या मांडीवर हात मारून ओरडला.

"निळी!" मी ओरडलो.

"निळी!" तात्या ओरडला.

आता तुम्ही म्हणाल, अहो मास्तर, निदान तिथं तरी तुमची ट्यूब पेटायला पाहिजे होती! निळी फुलदाणी काय सगळ्या शाळांना सरकारनं वाटलीय काय? पाहिजे होती की. पण माणसाला एकदा 'बरोबर, बरोबर' ऐकायची चटक लागली की त्याला दुसरं काही सुचत नाही. अकरा वर्षं मी वर्गात शिकवतोय, एका पोरानं मला असं 'आगदी बरोबर' म्हटलं नव्हतं. मी बाकावर चढायचाच बाकी होतो.

"तात्या!" मी छाती फुगवून शेवटचा घाव घातला. "असल्या शाळेत पोरगी घालण्यापरीस—"

आणि लाइट गेली.

लोडशेडिंग! पट्टा थांबला, जातं थांबलं, सगळी गिरणी एकदम चिडीचूप झाली. पण माझा आवाज थांबायला तयार नव्हता. तो त्या शांततेतनं गल्लीच्या पार टोकापर्यंत गेला.

"—पोरीला घरात बसवलेली बरी!"

ज्वारीचा डबा मांडीवर घेतलेल्या एका बाईनं माझ्याकडं बघितलं. "काय बाई हा मास्तर! पोरी घरात बसवाय सांगतोय व्हय?"

"तसं न्हवं हो, मावशी..." मी घाम पुसला. हाताला पीठ होतं, ते सगळं कपाळाला लागलं.

आता लाइट गेल्यावर दळणाला आलेली माणसं जाणार कुठं? डबे तर गिरणीत अडकलेले. सगळी तिथंच बसली आणि माझ्याकडं बघायला लागली. तात्यानं चहा सांगितला. मला खुर्ची दिली. तोंडावर नुसतं कौतुक.

"सर, खरं सांगा, तुम्ही ज्योतिष बघतासा काय? तिथं न जाता सगळं सांगिटलंसा की!"

"अनुभव, तात्या, अनुभव," मी बशीत चहा ओतत म्हणालो. काय तो थाट!

"मग आता तुमची शाळा कुठली ती सांगा. दाखला आजच काढून आणतो. ह्या दोन घरांचं बी आणतो."

बाकावरची माणसं वाकली. मला वाटलं, झालं! जिंकलो! आईला सांगायचं, बायकोला सांगायचं, कुठं जात नाही मी. पिशवीतनं शाळेचं छापील पत्रक काढलं, झटकलं आणि तात्याच्या हातात ठेवलं.

तात्यानं वाचलं. परत वाचलं. पत्रक उलटं करून मागची बाजू बघितली, तिकडं काही नव्हतं. मग माझ्याकडं बघितलं.

पोत्यावरनं पल्लवी उठून आली आणि बापाच्या हाताखालनं डोकावली. "अप्पा, ही मगदूम सरांची शाळा की. आपण दाखला दिला ती."

मगदूम सर! आमच्याच शाळेचे गणिताचे मगदूम सर! पुढच्या वर्षी निवृत्त होणारे, गरीब तोंडाचे, म्हातारे. त्यांनी परवा दाखला घेतला होता आणि तसेच गावच्या जत्रेला गेले होते. मला सांगणार कधी?

बाकावर कुणीतरी फुर्रकन चहा ओढला.

"म्हंजे," तात्या सावकाश म्हणाला, "तुम्ही आत्ता जे बोललासा, ते तुमच्याच शाळंचं?"

आता मला सांगा, मी दुसऱ्या कुणाच्या शाळेचं बोलणार होतो? अकरा वर्षं एकाच शाळेत काढलेला माणूस मी. वाईट शाळा कशी असते हे मी जिथं बघितलं तिथलंच तोंडातनं येणार! दुसऱ्या शाळेत मी गेलोय कधी? हे सगळं मला तेव्हा त्या खुर्चीवर बसल्या बसल्या कळलं, आणि कळून काय उपयोग?

"तसं न्हाई तात्या, म्हणजे... आमच्याकडंही थोडंफार... पण शिक्षक चांगले..."

"सोताच्या घराला कुणी असं बोलतंय व्हय?" ज्वारीवाली बाई म्हणाली. "लाज न्हाई वाटली?"

तात्या मात्र चिडला नाही. चिडला असता तर बरं झालं असतं, मी पळून तरी गेलो असतो. त्यानं शांतपणे विचारलं, "सर, हे सगळं तुम्हास्नी ठावं हाय. मग अकरा वर्षं काय करत हुतासा?"

मी म्हणालो, "शिकवत होतो." ते मलाच पटलं नाही.

त्यानं कानामागची पेन्सिल काढली. पत्रकाची कोरी मागची बाजू गुडघ्यावर पसरली. "मघाशी सांगिटलं ते परत सांगा. सावकाश. एकेक."

मी सांगितलं. पंधरा माणसांसमोर, माझ्याच शाळेची सात दुखणी, एकेक करून. मधेच एक शब्द त्याला लिहिता येईना, तो पल्लवीनं सांगितला. यादी घडी घालून खिशात टाकली आणि म्हणाला, "उद्या येतो शाळंत. दाखला परत न्यायला."

घरी आलो. बायकोनं विचारलं, "मिळाली का पोरं?" मी म्हटलं, "मिळालेली होती, मी घालवून आलो." तिनं नुसतं ताट वाढलं. मला ते जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी तात्या आला. मोठ्या सरांच्या खोलीत मी, मोठे सर आणि जत्रेवरनं आलेले मगदूम सर. तात्यानं यादी टेबलावर ठेवली, अगदी त्या कपाटाला लावलेल्या टेबलावरच. मोठ्या सरांनी वाचली, आणि त्यांनी माझ्याकडं जे बघितलं ते मी मरेपर्यंत विसरणार नाही.

"हे चौगुलेंनी सांगितलं?"

"व्हय. वरडून सांगिटलं."

मगदूम सर खाली बघत होते. मग त्यांनी आपल्या पिशवीतनं तीन दाखले काढले. पल्लवीचा आणि शेजारच्या दोन पोरांचा. म्हणाले, "तात्या, एक गोष्ट तुमच्या कानावर घालतो. ही तीन पोरं आली तर ब तुकडी राहते. नाही आली तर चौगुले आजऱ्याला. घरी त्यांची आई अंथरुणावर आहे. म्हणून मी तुमच्याकडं आलो होतो. माझ्या वाट्याची पोरं पुरी झाली होती, ही चौगुल्यांच्या नावावर घालायची होती."

मला जमीन फाटून पोटात घेईल तर बरं, असं झालं. मी ज्या माणसाला गिरणीत 'गरीब तोंडाचा बघून पाठवतात' म्हणून ओरडलो, तो माझ्यासाठीच उन्हातनं तिथवर चालत गेला होता. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आलं तर आलं, काय लपवायचं?

तात्यानं माझ्याकडं बघितलं. "म्हंजे सर, तुम्ही माझ्या पोरीसाठी आलाच न्हवतासा. सोताच्या पोटासाठी आलतासा."

"व्हय," मी म्हणालो.

"मग बरं झालं," तात्या म्हणाला. "पोटासाठी आलेला माणूस काम करतोय. दाखलं ऱ्हाऊ द्यात हितंच. पण सप्टेंबरात डोकी मोजायच्या आत ही सातच्या सात दुखणी बरी झाली पायजेत. मी दर शनवारी बघाय येणार. न्हाई झालं, तर मोजणीच्या आदल्या दिवशी तीन बी दाखलं घिऊन जाणार."

आणि आला की हो! दर शनिवारी आला! गिरणी भावावर सोपवून, अंगावरचं पीठ झटकत, कानामागं पेन्सिल लावून. जूनपासून सप्टेंबरपर्यंत एक शनिवार चुकवला नाही त्या माणसानं. आमच्या तपासणीला येणारे साहेब परवडले. ते चहा-पोहे घेऊन सही करून जातात. तात्या थेट मुतारीत जायचा आणि नळ सोडून बघायचा.

चार महिने मी काय काय केलं ते सांगायला लागलो तर तुमचा चहा थंड होईल. प्लंबर तीनदा आला, तिन्ही वेळा म्हणाला टाकीच बदलायला पाहिजे. मोठे सर म्हणाले, अर्ज द्या. मी अर्ज दिला. म्हणाले, दोन प्रतींत द्या. मी दोन प्रतींत दिला. म्हणाले, संस्थेची मीटिंग झाल्यावर बघू. मग मी आणि मगदूम सरांनी माजी विद्यार्थ्यांच्या दारात जाऊन एक जुनी टाकी मागून आणली आणि ती हातगाडीवर घालून भर बाजारातनं ढकलत नेली. माझ्याच वर्गातली पोरं बापाच्या दुकानातनं हात हलवत होती.

प्रयोगशाळेचं कुलूप हातोड्यानं फोडलं. आत सहा वर्षांपूर्वी हरवलेला शाळेचा ढोल सापडला. वाळूवाल्याला हाता-पाया पडून ढीग हलवायला लावला, तर शेळीची मालकीण भांडायला आली. फळ्यावर नावं लिहायला पेंटर आणला, त्यानं पहिल्याच मुलाचं आडनाव चुकवलं. पंख्याला तिसरं पातं कुठनं पैदा केलं ते विचारू नका. आणि कॉम्प्युटरवरचं कापड काढलं तर मोठे सर माझ्याशी आठवडाभर बोलले नाहीत. ते कापड त्यांच्या मिसेसनी भरलेलं होतं!

त्यात मधेच मतदार यादीचं काम आलं, पोलिओचं काम आलं. गल्लीत दारं वाजवत फिरायचो तेव्हा लोक विचारायचे, "सर, आता काय, पोरं गोळा करताय का डोस पाजताय?" मला स्वतःलाच कधी कधी आठवायचं नाही. संध्याकाळी घरी गेलो की आईला भरवता भरवता माझी मान कलंडायची. ती म्हणायची, "अरे, तूच झोप, मी जेवते माझी माझी." पण सकाळी मी होतो तिच्याजवळ. एवढ्यासाठीच तर चाललं होतं सगळं.

सप्टेंबरच्या शेवटी साहेब आले. डोकी मोजली. पाचवी ब भरली, वर एक पोरगं जास्तच! मी कुठं जात नव्हतो. मगदूम सरांनी माझ्या पाठीवर हात ठेवला, तर मी तिथंच पायरीवर बसलो.

आणि मोजणी झाली तरी त्या शनिवारी तात्या शेवटच्या तपासणीला आलाच. काय सांगू मी तुम्हाला! नळ सोडला, पाणी भसाभसा आलं. प्रयोगशाळा उघडी. कपाटापुढचं टेबल बाजूला, पोरांच्या हातात पुस्तकं. मैदान मोकळं. पंखा गरगर फिरतोय. फळा चकचकीत. कॉम्प्युटर सुरू, त्यावर एक पोरगं चित्र काढतंय. तात्यानं एकेक बघितलं आणि यादीवर बरोबरच्या खुणा केल्या. सात खुणा. मोठ्या सरांनी स्वतः चहा मागवला. मला तर वाटलं आता हा माझ्या गळ्यात हारच घालणार.

"सर, मानलं तुम्हास्नी," तात्या म्हणाला. "शब्दाला जागलासा." मग त्यानं वर्गाच्या दारात उभ्या असलेल्या पोरीला हाक मारली. "पल्लवी, काय गं, आणि काय ऱ्हायलंय का? असलं तर सांग. सर करत्यात सगळं."

पल्लवीनं जरा विचार केला. पोरगी हुशार, उगाच बोलणारी नव्हे.

"अप्पा, सगळं चांगलं हाय. पण इतिहासाचं पुस्तक आजून कोरं हाय."

"का गं?"

"इतिहासाच्या तासाला मगदूम सर येत्यात आणि गणितं घालत्यात. जूनपासनं."

तात्यानं मोठ्या सरांकडं वळून विचारलं, "इतिहासाला कोण मास्तर न्हाई व्हय तुमच्याकडं?"

मगदूम सर चहाच्या कपात बघायला लागले.

"हाय की, अप्पा," पल्लवी म्हणाली, आणि माझ्याकडं बोट केलं. "हेच. पण हे सारखं नळाजवळ असत्यात."

तात्यानं माझ्याकडं बघितलं. माझ्या हातात पाना होता. खरंच होता, तुमची शपथ! सकाळीच वायसर बदलला होता.

त्यानं घडी घातलेली यादी परत उलगडली, कानामागची पेन्सिल काढली, टोक जिभेला लावलं आणि सगळ्यात खाली, सात खुणांच्या खाली, सावकाश काहीतरी लिहिलं. मी मान वाकडी करून वाचलं.

'आठ. चौगुले सर. बंद आहेत. चालू करणे.'